मिठाईच्या डब्यातली पिटुनियाची रोपं

पत्र:

‘नमस्कार. मी सोलापूरच्या विडी घरकुलात राहते आणि घरी बसून विड्या वळते. मुलगी बारावीला आहे, तिला फुलांचं फार वेड. तिने पिटुनियाच्या बियांची पुडी मागवली. ऑक्टोबरच्या मध्यात मी मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात काळी माती आणि शेणखत भरलं आणि पुडी सगळीच्या सगळी टाकली. बी इतकं बारीक, की हातातून किती पडलं तेही कळलं नाही. आठ-नऊ दिवसांत डबा हिरवागार झाला, आम्ही दोघी खूश. आता तीन आठवडे होऊन गेले. रोपं गवतासारखी दाट आहेत, लांबडी होऊन खिडकीकडे झुकलीत आणि एका कोपऱ्यात रोज सकाळी थोडी आडवी पडलेली दिसतात. मुलगी म्हणते, निम्मी उपटून टाक. मला उपटवत नाही, जीव आहे त्यात. शेजारच्या काकू म्हणतात, घाई नको, बोटभर उंच होऊ दे, मग लाव. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून रोपांना बोअरचं घालते. काय करू? ऑफिस टाइमच्या, म्हणजे सकाळी दहाला उमलणाऱ्या त्या फुलांच्या, बियांची एक पुडी अजून फोडलेली नाही. ती तरी नीट पेरायची आहे.’

उत्तर:

ताई, बाकीचं सगळं सांगतेच, पण हे वाचता वाचता उठा आणि एक काम करून या. ज्या कोपऱ्यात रोपं आडवी पडताहेत, तो कोपरा चमच्याने मातीसकट काढून टाका. पडलेल्या रोपांच्या कडेची बोटभर जागासुद्धा काढा, तिथली रोपं आज उभी दिसत असली तरी. डब्यावर झाकण असेल तर तेही काढून ठेवा. आज वरून पाणी अजिबात घालू नका.

काढलेल्यांतलं एखादं रोप उजेडात धरून बघा. देठ जिथे मातीला टेकतं तिथे ते दोऱ्यासारखं बारीक, पाणचट, तपकिरी झालेलं असेल. वरची पानं मात्र हिरवीच. त्यामुळे आपल्याला वाटतं रोप तहानेनं पडलं, आणि आपण आणखी पाणी घालतो. तिथेच घात होतो. याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया नावाच्या बुरश्या साध्या मातीत असतातच. सतत ओल, कोंडलेली हवा आणि दाटी मिळाली की एका देठावरून दुसऱ्या देठावर सरकत जातात. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याला काडीचा आधार देण्यात वेळ घालवू नका. ती माती दुसऱ्या कुंडीतही टाकू नका.

आता काकूंचा सल्ला. त्या चुकीचं सांगत नाहीत, फक्त दुसऱ्या पिकाचं सांगताहेत. आपल्या भागात रोप म्हटलं की कांद्याचं रोप डोळ्यांपुढे येतं. कांद्याचं रोप गादीवाफ्यावर सहा-सात आठवडे राहतं, चांगलं पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक होतं आणि मग लावतात. त्याला ते मानवतं. पिटुनियाचं रोप असं थांबत नाही. दाटीत ते जाड होत नाही, नुसतं वर पळतं. शेजारच्याच्या डोक्यावरून उजेड गाठायचा म्हणून सगळं बळ देठ लांबवण्यात घालतं. पाच-सहा आठवड्यांनी तुम्हाला बोटभर उंच, केसासारख्या देठाची, मुळं एकमेकांत गुरफटलेली रोपं मिळतील, आणि ती सोडवताना निम्मी तुटतील. तुम्ही ज्या दिवसाची वाट बघताय तो दिवस येऊन गेला आहे. पुनर्लागण आता करायची, या दोन-तीन दिवसांत.

वेळ झाली हे ओळखायचं उंचीवरून नाही, पानांवरून. बी रुजल्यावर पहिली जी दोन गोलसर पानं दिसतात ती खरी पानं नव्हेत, ती बियांतूनच आलेली दलं. त्यांच्या मधून नंतर जी फुटतात, जराशी लवदार, बोट लावलं तर चिकट वाटणारी, ती पिटुनियाची खरी पानं. दोन खरी पानं आली की रोप हलवायचं. तीन आठवड्यांच्या तुमच्या रोपांना ती आलेली असणार. भिंगातून बघा, किंवा मुलीच्या मोबाइलने जवळून फोटो काढा, स्पष्ट दिसतील.

रोपांना हात लावण्याआधी एक गोष्ट मन लावून ऐका. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. तुमचे हात दिवसभर तंबाखूत असतात. पिटुनिया आणि तंबाखू एकाच कुळातले; टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा हीसुद्धा त्याच कुळातली. पिटुनिया हे नावच दक्षिण अमेरिकेतल्या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतल्या तंबाखूच्या शब्दावरून आलं आहे. तंबाखूला एक विषाणू लागतो, त्याने पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पडतात, पानं सुरकुततात. तोच पिटुनियालाही लागतो. हा विषाणू मोठा चिवट आहे. पान वाळलं, कुटलं, विडीत भरलं तरी तो त्यात टिकून राहू शकतो, आणि बोटांवरून कोवळ्या रोपाच्या बारीकशा ओरखड्यात शिरतो. एकदा शिरला की त्यावर औषध नाही, रोप उपटूनच टाकावं लागतं. प्रत्येक तंबाखूत तो असतो असं नाही. पण रोपं सोडवताना ओरखडे पडतातच, म्हणून धोका पत्करू नका.

तेव्हा ज्या दिवशी रोपं लावायची त्या दिवशी हे काम सकाळी नको, विड्यांच्या मधल्या वेळात तर नकोच. सूप, पान, तंबाखू सगळं आवरून दुसऱ्या खोलीत ठेवा. साडीवर किंवा गाऊनवर तंबाखूची भुकटी असेल तर तो बदला. हात साबणाने कोपरापर्यंत, नखांत ब्रश फिरवून दोनदा धुवा. मग एका वाटीत थोडं दूध घ्या, साय काढलेलं. रोपं हाताळताना मधूनमधून बोटं त्यात बुडवा. ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल, पण दुधातली प्रथिनं या विषाणूला रोपात शिरू देत नाहीत; हरितगृहांत टोमॅटो-पिटुनियाचं काम करणारे लोक हे करतात. आणि पान कापायची तुमची कात्री या कामाला घेऊ नका. मुलीची शिवणाची किंवा कंपासमधली वेगळी कात्री घ्या. घरात कोणी विडी ओढत किंवा तंबाखू मळत असेल तर त्यांनाही रोपांपाशी येण्याआधी हात धुवायला सांगा. एवढं केलंत की तुमच्यासारखे हात या कामाला शोधून सापडायचे नाहीत. टेंभुर्णीचं वाळकं पान न फाटू देता बोटांत फिरवायचं, नेमकं तेवढाच दाब द्यायचा, हे ज्याला जमतं त्याला पिटुनियाचं रोप धरायला शिकवावं लागत नाही.

जागा तयार करू या. चहाचे कागदी कप घ्या, प्रत्येकाच्या बुडाला तीन-चार भोकं पाडा. नर्सरीच्या दुकानात खणाखणांचे प्रो-ट्रे मिळतात, तेही चालतील. पण कप फुकटात होतात आणि नंतर कुंडीत लावताना फाडता येतात. त्यात काळी माती नको. आपली काळी माती रब्बी ज्वारीला सोन्यासारखी, कारण ती पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवते. मालदांडी ज्वारी नुसत्या त्या ओलीवर पिकते. पण तोच गुण कपात उलटतो. ओली असली की चिखल, हवा नाही; वाळली की आकसते, भेगा पडतात आणि भेगेत सापडलेली बारीक मुळं तटकन तुटतात. तुमच्या डब्यात कडेने माती सुटलेली दिसत असेल, ते हेच. त्यापेक्षा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणा. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात भिजली की फुगून आठ-नऊ लिटर होते, तुम्हाला भरपूर. मात्र भिजवल्यावर चाळणीत किंवा जुन्या ओढणीत घालून दोन-तीनदा धुऊन पिळा, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. दोन वाट्या कोकोपीटला एक वाटी चाळलेलं गांडूळखत मिसळा. ट्रायकोडर्माची पूड मिळाली तर चमचाभर घाला. ती मित्रबुरशी आहे, कोलमडवणाऱ्या बुरशीला डोकं वर काढू देत नाही. शेणखत कितीही कुजलेलं वाटलं तरी या वयाच्या रोपांना देऊ नका.

ओल किती हवी? शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तेवढी. मिश्रण मुठीत दाबा: गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. गोळ्याला बोटाने टिचकी मारली की तो सुटावा.

पाण्याचं बोलून घेते. बोअरचं पाणी या रोपांना बंद करा. ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच थर कपात मुळांभोवती बसतो. पिटुनियाला किंचित आंबट माती आवडते. चुनखडीच्या पाण्याने रोपाला लोह घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नळाला पाणी आलं की तुम्ही भरून ठेवताच. त्यातला एक तांब्या रोपांसाठी बाजूला काढा. चाळीस कपांना एका वेळी एवढं पाणी पुरतं. पुढे रोपं मोठी होऊन कुंडीत गेली की अडीनडीला बोअरचं चालेल, पण बालपणी नको.

आता प्रत्यक्ष काम. वेळ संध्याकाळची, साडेपाचनंतर, पंखा बंद करून. आधी तासभर डबा परातीतल्या पाण्यात अर्धा इंच बुडेल असा ठेवा, म्हणजे माती खालून भिजेल. डब्याला भोकं नसतील तर तापवलेल्या सुईने आधी पाडून घ्या. (भोकं नसणं हेही कोलमडण्याचं एक कारण, मिठाईच्या डब्यातलं पाणी जाणार कुठे?) माती मऊ झाली की चमच्याने एका कडेपासून रुपयाएवढा गठ्ठा खालून उचला. वरून ओढायचं नाही. हा गठ्ठा पसरट वाटीतल्या पाण्यात अलगद ठेवा आणि वाटी जराशी हलवा. काळी माती विरघळून खाली बसेल आणि रोपं आपापली सुटी होऊन पाण्यावर येतील. दाट लावलेली रोपं काळ्या मातीतून सोडवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. हा मार्ग मला फार उशिरा कळला. त्याआधी एका हिवाळ्यात मी कोरड्या मातीतून एकेक रोप चिमटीने खेचून काढलं होतं. शंभरावर लावली, आठवड्याने अकरा उरली. बी चांगलं होतं, रोपंही निरोगी होती. मुळं डब्यातच राहिली होती आणि मी नुसते देठ लावत बसले होते.

सुटं झालेलं रोप पानाला धरून उचला. पान, देठ नव्हे. हे एवढं एक वाक्य मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगा. पान फाटलं तर रोप दुसरं पान काढतं. देठ मात्र एकच असतो आणि एवढ्या वयाचा देठ चिमटीतल्या साध्या दाबानेही आतून चिरडतो. वरून काही दिसत नाही, दोन दिवसांनी रोप मान टाकतं.

विझलेल्या उदबत्तीच्या काडीने कपाच्या मधोमध भोक पाडा, मुळं सरळ खाली जातील एवढं खोल. रोप त्यात सोडा. तुमची रोपं लांबडी झाली आहेत ना, त्यावर इथेच उपाय आहे: देठ पहिल्या दोन गोल पानांपर्यंत मातीत जाऊ द्या. ती पानं मातीच्या जरा वर राहिली पाहिजेत. पिटुनियाला असं खोल लावलेलं चालतं, लांब देठाचा डुलणारा भाग मातीच्या आधाराला जातो. काडीनेच बाजूचं मिश्रण आत लोटा. बोटाने दाबू नका, चमचाभर पाणी कडेने सोडा. पाणीच माती मुळांशी बसवतं.

आणि किती लावायची? पुडी सगळी रुजली असेल तर डब्यात शे-दोनशे रोपं असतील. तुमच्या खिडकीत किती कप मावतात ते आधी मोजा. तीस? चाळीस? त्याच्या सव्वापट लावा, थोडी जातात. त्यापुढची पाच-पाच रोपं एकेका कपात लावून शेजारणींना द्या, काकूंना पहिली द्या. तरीही उरतील. ताई, तुम्ही लिहिलंत की उपटवत नाही. ते मला समजतं, आणि ज्याला असं वाटतं त्याच्याच हाताला झाडं येतात असं माझं मत आहे. पण डब्यात सगळी ठेवली तर सगळीच जातात, रोज सकाळी एक कोपरा. ते तुम्ही बघतच आहात. चाळीस रोपांना मोकळी हवा द्यायची तर बाकीच्यांना निरोप द्यावा लागेल. तो उपटून देऊ नका, उपटताना शेजारच्याची मुळंही हलतात. ज्या कपात दोन-तीन रोपं एकत्र गेली असतील तिथे आठवड्याने सगळ्यात धट्टंकट्टं ठेवा आणि बाकीची त्या वेगळ्या कात्रीने मातीलगत कापा.

पहिले तीन-चार दिवस कप खोलीत उजेडात, पण उन्हात नको. रोपं मलूल दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला वाटेल सगळं संपलं. थांबा, पाणी ओतू नका. फवाऱ्याने पानांवर हलकं धुकं मारा, पुरे. चौथ्या दिवसाच्या सुमारास पानं पुन्हा ताठ होतात. मग खिडकीत, सकाळचं ऊन लागेल असं. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी असेल तर ऊन चांगलं आत येतं. पूर्वेची असेल तर तीही उत्तम. कपांच्या मागे, खोलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे उजेड दोन्हीकडून मिळेल आणि रोपं खिडकीकडे मान वाकडी करणार नाहीत. खिडकी अंधारी असेल तर साधी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभरापेक्षा कमी उंचीवर, दिवसाला चौदा तास. ट्यूब छताला असून उपयोग नाही.

पाणी परातीतूनच, खालून द्यायचं. कपाचा वरचा थर फिकट झाला आणि कप हाताला हलका लागला की द्यायचं, आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. दोन आठवड्यांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पान पिवळं शिरा हिरव्या दिसल्याच तर चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा, लोहाची फवारणी.

रोपाला पाच-सहा पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा. हेही तुम्हाला जड जाईल, पण शेंडा खुडला की बगलांतून चार फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी फुलते. नाही खुडला तर एकच लांब वेल होऊन टोकाला फूल येतं. त्याच सुमारास कप रोज थोडा वेळ बाहेर ठेवायला लागा. आधी तासभर सकाळी, मग वाढवत आठ-दहा दिवसांत दिवसभर. नंतर आठ इंची कुंडीत एक रोप. पेरणीपासून पहिल्या फुलाला पिटुनिया साधारण दहा-बारा आठवडे घेते. तुमचा एक धक्का बसलेला आहे, तरी जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकेपर्यंत कळ्या दिसाव्यात. मार्च संपेपर्यंत फुलेल. आपल्या एप्रिलच्या उन्हात ती टिकत नाही, त्यात तुमचा दोष मानू नका.

आता ती दुसरी पुडी. ऑफिस टाइमचं बी आत्ता पेरू नका. पिटुनियाला थंडी आवडते, ऑफिस टाइमला ऊब. रुजायला पंचवीस-तीस अंश तापमान हवं, आणि मोठं झाल्यावर सोलापूरचं ऊन त्याला मानवतं. सकाळी दहाच्या सुमारास जी फुलं उघडतात ती उन्हामुळेच. पुडी न फोडता काचेच्या कोरड्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, फ्रिजच्या दारात ठेवा. फ्रिज नसेल तर घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, चुलीपासून लांब. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढा.

पुडी सगळीच्या सगळी का पडली, हेही बघू, म्हणजे पुन्हा होणार नाही. ज्वारीचे एका ग्रॅमला तीसेक दाणे बसतात. पिटुनियाचं किंवा ऑफिस टाइमचं बी एका ग्रॅमला दहा हजारांच्या आसपास. हे बी हाताने पेरायचं नसतंच. चमचाभर बारीक रेती चाळून, धुऊन, वाळवून घ्या. पुडीतलं पाव बी त्यात मिसळा. बाकीचं पुन्हा बाटलीत, पंधरा दिवसांनी दुसऱ्या खेपेला. पहिली खेप काही कारणाने गेली तर हाताशी राहील. मग ते मिश्रण चिमटीत धरा आणि दारात रांगोळीची रेघ ओढता तशी डब्यात रेघ ओढा. एका ओळीपासून दुसरी ओळ दोन बोटं लांब. हात तुमचा बसलेलाच आहे. रेती फिकट असल्याने कुठे पडलं, कुठे राहिलं ते काळपट कोकोपीटवर दिसतं. रेतीऐवजी खरी रांगोळी मात्र घेऊ नका, ती बऱ्याचदा चुनखडीच्या दगडाची भुकटी असते.

वरून माती टाकायची नाही. ज्वारीच्या दाण्यात शिदोरी असते, तो पाभरीने दोन-अडीच इंच खोल गेला तरी अंधारातून वर येतो. या बियांत शिदोरीच नाही, आणि रुजायला त्यांना उजेड लागतो. नुसती तळहाताने हलकी थापटी, की बी ओलीला चिकटलं. मिश्रण आधीच वाफशाला आणलेलं असलं पाहिजे. बी टाकल्यावर वरून तांब्याने पाणी घातलं की सगळं वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. फवाऱ्याचं धुकं मारा आणि पारदर्शक झाकण लावा. झाकण लावलेला डबा उन्हात ठेवायचा नाही, आत भट्टी होते. उजेडात ठेवा. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसायला लागले की पहिल्या दिवशी झाकण तिरकं, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी पूर्ण काढा. झाकण काढायला होणारा उशीर हीच कोलमडण्याची सुरुवात असते.

आपण थंडी-बर्फाच्या भीतीने घरात पेरत नाही. आपल्याला बारीक बी जपायचं असतं ते कोरड्या वाऱ्यापासून, अवकाळी सरीपासून आणि मुंग्यांपासून. मुंग्या हे बी एकेक करून बिळात नेतात, आणि आपण म्हणत बसतो की उगवलंच नाही. साखरेचा डबा ठेवता तसा हाही डबा पाण्याच्या ताटलीत, उलट्या वाटीवर ठेवा.

ऑफिस टाइमला दोन-तीन खरी पानं आली की वर सांगितलं तसंच कपात हलवा. एकदा का ते कुंडीत बसलं की पुढच्या वर्षी पुडी मागवायची गरज पडणार नाही. फुलं गेल्यावर छोटी बोंडं धरतात, पिकली की त्यांची टोपी आपोआप सुटते आणि आत राखाडी, चकचकीत बी भरलेलं असतं. बोंड टोपी टाकायच्या आधी खाली कागद धरा, टिचकी मारा, आणि कागदाची पुडी बांधून वर तारीख घाला.